लिंबाचा डहाळा हातात असताना

प्रवचन परिणामकारक झाले, याबद्दल नंतर कोणाचेही दुमत उरले नाही. यवतमाळच्या ख्रिस्ती पाठशाळेत उत्तमसिंगने तीन वर्षे उपदेशशास्त्राचा अभ्यास केला होता. श्रोत्यांचा श्वास अडावा आणि शब्द कानावरून वाहून न जाता अंगावर पडावा, या एका क्षणासाठी त्या शास्त्राची सगळी खटपट चालते. तो क्षण त्याला एकसष्टच्या कार्तिकात, एका गुरुवारी सकाळी, बापाच्याच बंजारा तांड्यात, वयाच्या सव्विसाव्या वर्षी पहिल्यांदा लाभला. तसा क्षण पुन्हा कधी येऊ नये अशी प्रार्थना तो त्याच दिवशी दुपारपासून करू लागला.

लखीराम जाऊन अकरा दिवस झाले होते. गुलाबसिंग काकाचा एकुलता एक मुलगा, वीस वर्षांचा. दोन घरांच्या शेतांमध्ये जी सामाईक विहीर होती, तिच्यात तो सकाळी तरंगताना सापडला. पोलीस जमादार आला, 'पाय घसरून' असे लिहून घेऊन गेला, आणि तांड्याने ते कागदापुरते खरे मानले. परंतु आदल्या संध्याकाळी त्याच विहिरीवर, गव्हाच्या पाण्याच्या पाळीवरून, लखीरामचे आणि रामधनचे वाजले होते. दोघांचे आवाज पऱ्हाटीच्या शेतापलीकडे गेले होते आणि दिवेलागणीला रामधन एकटाच, ओल्या धोतराने, घरी आला होता. रामधन उत्तमसिंगचा थोरला भाऊ. आणि ज्याच्या तोंडून निवाडा व्हायचा तो तांड्याचा नायक, खेमसिंग, त्या दोघांचा बाप. गुलाबसिंग रोज सकाळी आपल्या थोरल्या भावाच्या, खेमसिंगच्या, ओट्यासमोर येऊन उभा राही, "नसाब कधी बसवता?" एवढेच विचारी आणि पाण्याला न शिवता परत जाई. नसाब म्हणजे तांड्याची न्यायसभा. ती अकरा दिवस लांबवणे खेमसिंगला जमले होते. बाराव्या दिवसासाठी त्याच्यापाशी सबब उरली नव्हती, म्हणून त्याला धाकटा मुलगा आठवला.

"पोट्टा तुह्याकडे येत होता," खेमसिंग म्हणाला होता. "तुह्या देवाच्या नावानं चार शब्द बोल. लोकाईचं डोकं थंड होईन."

हे खरे होते. उत्तमसिंग दर रविवारी दिग्रसच्या वाटेवरच्या एका पडक्या धर्मशाळेत ज्या सात-आठ माणसांपुढे उपदेश करी, त्यांत दहा महिने नेमाने येणारा एकटा लखीराम होता. नाताळात त्याचा बाप्तिस्मा व्हायचा होता. बाकीचे ऐकत नसत, सावलीत बसत. याचा दोष उत्तमसिंग त्यांना देत नसे. पाठशाळेच्या छापील पुस्तकांतली जी मराठी तो त्यांच्यापुढे बोले, ती वऱ्हाडात कोणी कधी बोललेली नव्हती. त्या मराठीत देवसुद्धा परगावाहून बदलीवर आलेल्या अंमलदारासारखा वाटे. उपदेशशास्त्राच्या गुरुजींनी अखेरच्या तासाला सांगितले होते, "श्रोता जिथे बसला आहे तिथूनच बोलायला सुरुवात करा. त्याला उठवून आपल्या देशात नेऊ नका." हे वाक्य उत्तमसिंगने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते आणि तीन वर्षांत एकदाही अमलात आणले नव्हते. या वेळी त्याने ठरवले: गोरबोलीत, तांड्याच्या स्वतःच्या बोलीत, बोलायचे, आणि तांड्याच्या अंगणातलीच वस्तू उचलून बोलायचे.

अंगणातली वस्तू म्हणजे नसाब. निष्पापाने अपराध्याच्या जागी उभे राहावे, या ज्या एका सिद्धांतावर त्याच्या नव्या धर्माचा सगळा भार होता, तो समजावायला याहून नेमका दृष्टांत त्याला सुचणे शक्य नव्हते. त्या तांड्याच्या रिवाजात नायकाच्या घरासमोरच्या कडुनिंबाखाली सात दगडांचे रिंगण होते. ज्याला नसाबपुढे बोलायचे असे, तो लिंबाचा ओला डहाळा तोडून हातात घेई आणि रिंगणात उतरे. लहानपणी, आठव्या वर्षी मिशनच्या वसतिगृहात जाण्यापूर्वी, उत्तमसिंगने हे अनेकदा पाहिले होते. त्याच्या मनात ते चित्र म्हणून राहिले होते. डहाळा हातात असताना बोललेला शब्द परत घेता येत नाही, त्याला साक्ष लागत नाही आणि त्याच्यावर शंका घेणारा स्वतः दोषी ठरतो, हा त्या चित्रामागचा कायदा मात्र आठ वर्षांच्या मुलाला कोणी सांगितला नव्हता. आणि सव्विसाव्या वर्षी, उपदेशशास्त्रात पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन परतलेल्या माणसाला तो सांगावा लागेल असे कोणाच्या मनात आले नव्हते.

गुरुवारी सकाळी सगळा तांडा जमला. उत्तमसिंग बोलू लागला आणि आपल्याच भाषेत देवाचे नाव ऐकून म्हाताऱ्यांच्या माना वर झाल्या. त्याने शब्दांनी गुन्हेगार उभा केला, फिर्यादी उभा केला, नायक बसवला. मग त्याने हात वर करून डहाळा तोडला आणि रिंगणात उतरला. बायकांत कुजबुज उठली आणि थांबली. ती शांतता आपल्या वक्तृत्वाची आहे असे त्याला वाटले.

"असा एक आला," तो म्हणाला, "ज्यानं काहीच केलं नव्हतं. थो रिंगनात उतरला अन् म्हनला: ज्यानं केलं त्याले इच्यारू नका. मले इच्यारा. मेलेल्याचं रगत माह्या डोक्यावर. त्याच्या वाट्याचं जे असन ते मले द्या."

शेवटची तीन वाक्ये त्याने छातीवर हात ठेवून, खालच्या सुरात, येशू बोलला असता तशी म्हटली. दृष्टांत संपला होता. लागूकरण, म्हणजे त्याचा अर्थ उलगडून सांगणे, बाकी होते. 'हा जो आला, तो कोण होता ते आता ऐका', असे पुढचे वाक्य वहीत होते. ते वाक्य या जगात उच्चारले गेले नाही.

गुलाबसिंग उभा राहिला.

"झालं," तो म्हणाला. "आयकलं सगळ्याईनं."

"काका, थांबा. माह्यं बोलनं संपलं नाई."

"डहाळ्यावर आनखी काय बोलाचं राह्यलं गा तुह्यं?"

उत्तमसिंगने हसण्याचा प्रयत्न केला. समोर एकही माणूस हसत नव्हता. त्याने बापाकडे पाहिले. खेमसिंग त्याच्या तोंडाकडे पाहतच नव्हता. त्याच्या हाताकडे पाहत होता.

"उद्या सकाळी नसाब," नायक म्हणाला. "तंवर हा घरातच राहीन."

*

आई धनीबाईने त्याला जेवायला वाढले. सात वर्षांपूर्वी त्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून ती त्याचे ताट ओट्यावर ठेवून आत निघून जात असे. आज तिने ते चुलीपाशी मांडले, भाकरीवर तूप सोडले आणि समोर बसली. ही माया आहे असे समजण्याइतका उत्तमसिंग अजून भोळा होता. तीन घास गेल्यावर तो भोळेपणा संपला.

खेमसिंग खाटेवर होता. रामधन दाराशी बसून बैल हाकायच्या नव्या तुतारीची काठी विळ्याने तासत होता. त्याची बायको हंसाबाई भिंतीला टेकून उभी होती. एवढे चौघे एका खोलीत उत्तमसिंगच्या आठवणीत कधी एकत्र बसले नव्हते.

"तू बोलला ते खरं का?" खेमसिंगने विचारले.

"बा, तुमाले मालूम हाये. थ्या दिवशी मी दारव्ह्याले गेलतो. दुसऱ्या दिवशी दुपारी आलो."

"मले मालूम असून काय होते? नसाबले थे मालूम करून घ्याचं काम नाई. उद्या मी तुले एकच इच्यारीन. हाव म्हन, नाईतर खोटं बोललो म्हन."

"खोटं नाई बोललो. उपदेश होता तो. येशूच्या तोंडचं बोलनं होतं."

"मंग तुमचा येशू खरं बोलते का खोटं?" हंसाबाईने विचारले. तिच्या स्वरात कुत्सितपणा नव्हता. तिला खरेच जाणून घ्यायचे होते.

"खरं बोलते, भोजाई," उत्तमसिंग वहिनीला म्हणाला.

"मंग तुमी खोटं कसं म्हनसान?"

या प्रश्नाला पाठशाळेत एक उत्तर होते, ते तीन पानांचे होते, आणि त्यातल्या एकाही शब्दाला गोरबोलीत प्रतिशब्द नव्हता. उत्तमसिंग बापाकडे वळला.

"अन् खोटं बोललो म्हनलं, तं काय होईन?" त्याने बापाला विचारले.

"डहाळ्यावर खोटं बोलनाऱ्याची जीभ नसाबच्या कामाची नाई. तुह्यं बोलनं मंग कोनी आयकनार नाई. ना इथं, ना दुसऱ्या तांड्यात. अन् मंग गुलाब्या म्हनन, आता रामधनच्या हाती द्या डहाळा."

काठी तासणारा विळा क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला.

"द्या मंग," उत्तमसिंग म्हणाला आणि भावाकडे वळला. "भिया, तूच घे डहाळा. नाई केलं म्हन. संपलं."

कोणी बोलले नाही. त्या न बोलण्यात सगळा पुरावा होता. रामधनने मान वर केली नाही, आणि उत्तमसिंगला तेव्हा कळले की डहाळ्यावर खोटे बोलायचे नाही, एवढी भीती किंवा एवढी श्रद्धा या आडदांड माणसापाशी आहे. लखीराम विहिरीत गेला त्या संध्याकाळी ती कुठे होती, हा प्रश्न निराळा.

"भिया," त्याने हळू विचारले, "तू केलं का?"

रामधनने विळा खाली ठेवला. "काहून इच्यारतं? सकायी तूच म्हनला ना, ज्यानं केलं त्याले इच्यारू नका."

"मी त्या अर्थानं..."

"मी तुह्या येशूले कधी मानलं नाई, उत्तम. आज मानतो. कामाचा देव हाये."

हंसाबाई खसकन भिंतीपासून दूर झाली. "बोलनं आवरा जरा," ती नवऱ्याला म्हणाली, आणि मग दिराकडे वळून, अगदी मऊ आवाजात: "भाऊजी, मी तुमच्या पाया पडते. माह्ये चार लेकरं हायेत."

एवढ्यात आईने त्याच्या ताटात दुसरी भाकर टाकली. "तू तसाबी बाहेरचाच झाला," धनीबाई म्हणाली. "तुले तांड्यातून काढतीन तं तुह्यं नवीन काय जाते? तुले तुह्ये लोक हायेत, साहेब लोक हायेत, शाळा हाये. याले कोन हाये? हा गेला तं घर गेलं. एकच जाचा हाये न, लेका? मंग जो गेलेलाच हाये थो जाऊ दे."

एकाने जावे म्हणजे बाकीचे राहतील. येशूच्या बाबतीत हाच सल्ला देणाऱ्या बायबलातल्या एका याजकावर उत्तमसिंगने गुड फ्रायडेच्या दिवशी सलग दोन वर्षे प्रवचन केले होते, आणि दोन्ही वेळा त्याला ढोंगी, क्रूर आणि देवद्रोही ठरवले होते. तो याजक असा समोर बसून तूप वाढील, त्याचे डोळे रडून सुजलेले असतील आणि पंचवीस वर्षांपूर्वी त्याने आपल्याला मांडीवर घेऊन दूध पाजलेले असेल, हे त्याला कोणत्याही टीकाग्रंथात आढळले नव्हते.

"याडी," तो आईला म्हणाला, "लखीरामचं काय?"

"थो तं मेला न," आई म्हणाली.

दुपारभर तो आतल्या खोलीत पडून राहिला. अपराध्याच्या पश्चात्तापावाचून त्याच्या जागी दुसऱ्याने भोगलेली शिक्षा फलदायी होते काय? हा प्रश्न पाठशाळेच्या परीक्षेत दहा गुणांना येत असे. उत्तमसिंगने तो दोनदा सोडवला होता आणि एकदा नऊ गुण मिळवले होते. आता तोच प्रश्न दाराबाहेर बसून काठी तासत होता.

आणि तरीही 'खोटं बोललो' असे उद्या आपण म्हणणार नाही, हे त्याला ठाऊक होते. भावावरच्या प्रेमामुळे, असे स्वतःला सांगण्याचे धैर्य त्याला झाले नाही. कारण साधे होते आणि फारसे उदात्त नव्हते. येशूच्या तोंडी घातलेली वाक्ये नुसती बोलण्यापुरती होती, असे एकदा चारचौघांत कबूल केले, की गेल्या तीन वर्षांत आपण जे जे बोललो ते सगळेच बोलण्यापुरते होते हे कबूल करावे लागणार होते. आणि दहा महिने दर रविवारी, ऊन असो की चिखल, धर्मशाळेच्या पायरीवर बसून तोंड उघडे टाकून ऐकणारा तो एक मुलगा नुसते बोलणे ऐकायला येत होता, हेही. लखीरामला दुसऱ्यांदा बुडवण्याची त्याची तयारी नव्हती. शिवाय एक आशा होती. ती सिद्धांतातूनच आली होती, म्हणून तो तिला भोळसट म्हणू शकत नव्हता. आपल्या जागी दुसरा उभा राहिलेला पाहून अपराध्याचे हृदय विरघळते, असे सिद्धांत सांगतो. उद्या रिंगणात रामधन उठेल. 'थांबा' म्हणेल. एवढा एक शब्द.

*

शुक्रवारी सकाळी नसाब बसली तेव्हा निवाडा आधीच झालेला आहे, हे उत्तमसिंगने पाहताक्षणी ओळखले. रोज ओट्यासमोर उभा राहणारा गुलाबसिंग आज खेमसिंगच्या शेजारी, त्याच्याच घोंगडीवर बसला होता. दोघांत एक चिलीम फिरत होती.

"उत्तम," खेमसिंग म्हणाला. त्याचा आवाज सरळ होता. "डहाळ्यावर जे बोलला थे बोलला का?"

"बोललो," उत्तमसिंग म्हणाला.

'केलं' असे तो म्हणाला नाही. 'बोललो' म्हणाला. हा फरक जपण्यात त्याने सकाळचे दोन तास घालवले होते. असत्याचा दोष टाळण्याची ही तरतूद तांड्यातल्या कोणाच्याही लक्षात आली नाही आणि आली असती तरी तिला कोणी किंमत दिली नसती.

मग तो रामधनकडे वळला. रामधन दुसऱ्या रांगेत मांडी घालून बसला होता. उत्तमसिंगने वाट पाहिली. सगळ्या नसाबने वाट पाहिली असे त्याला वाटले. प्रत्यक्षात ती खेमसिंगच्या खोकल्याची उबळ ओसरण्याची वाट पाहत होती. रामधनने खाली बघून अंगठ्याने माती उकरली, आणि उकरलेली माती पुन्हा खड्ड्यात लोटून तळव्याने सारखी केली.

निवाडा लहान होता. उत्तमसिंगला या तांड्यात पाणी नाही, विस्तव नाही, हाक नाही. तो मेला तर खांदा नाही. ज्याच्या पोटचा असा निघाला त्याने नायकी करू नये, म्हणून खेमसिंग आपली पगडी उतरवतो आणि भावाच्या, गुलाबसिंगच्या, डोक्यावर ठेवतो. विहिरीची पाळी इथून पुढे नव्या नायकाने ठरवल्याप्रमाणे. या वाक्यानंतर गुलाबसिंगने डोळे पुसले. मग तो उठला, दुसऱ्या रांगेत गेला, त्याने रामधनला हाताला धरून उभे केले आणि छातीशी धरले.

"तुह्यावर शक घेतला, बेटा," नवा नायक सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "माफी दे."

"असू द्या, काका," रामधन म्हणाला.

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बारा दिवसांत पहिल्यांदा त्या तांड्यात माणसे एकमेकांशी मोकळेपणाने बोलू लागली. कोणीतरी गुळाचा खडा वाटायला काढला. एका निष्पाप माणसावर सगळे टाकल्याबरोबर दोन भांडलेली घरे एक झाली, भय गेले, शांती नांदू लागली. छापील मराठीत जे जे वचन दिलेले होते ते अक्षरशः घडत होते. फक्त देवाची त्यात कोणालाही गरज पडली नव्हती, आणि एकाही माणसाने 'हा जो आला, तो कोण होता?' असे विचारले नव्हते.

उत्तमसिंगने वही, एक धोतर आणि चष्म्याचे घर पिशवीत टाकले. घरातून कोणी बाहेर आले नाही. ते रिवाजाला धरूनच होते.

*

पांदण जिथे मोठ्या रस्त्याला मिळते त्याच्या थोडे अलीकडे, तुरीच्या कडेला, बिजलीबाई बसली होती. गुलाबसिंगची बायको, लखीरामची आई. ती नसाबला आली नव्हती हे उत्तमसिंगच्या आत्ता ध्यानात आले. तिला पाहून तो थबकला. ती उठली नाही.

"मी तुले शिव्या द्याले नाई आली," ती म्हणाली. "भिऊ नको. इकडे ये."

तो गेला. बसावे की उभे राहावे हे न कळून तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"हाक मारू नको म्हनतात तुले. मी हाक नाई मारली. मी तं बसली होती, तूच आला," बिजलीबाई म्हणाली. तिच्या हातात तुरीची एक हिरवी शेंग होती, ती तिने सोलली नव्हती. "मले फकस्त येक सांग. बारा दिवस झाले, मले कोनी काई सांगत नाई. त्याचा बाप म्हनते, नसाब झाली, आता तो इषय नको. जमादार म्हने, पाय घसरला. तू होता. तू सांग. कसा गेला?"

उत्तमसिंगने पिशवी जमिनीवर ठेवली.

"डोक्यावर पडला का उभा पडला? त्याले पोहता येत होतं न रे. मंग काहून नाई आला वर?"

तो तिच्या हातातल्या शेंगेकडे पाहू लागला.

"बरं, थे नको सांगू," ती म्हणाली. "नाई सांगवत असन. येवढंच सांग, आखरीले काई बोलला का? कोनाचं नाव घेतलं का?"

दोन वाटा होत्या. 'मी तिथे नव्हतो' असे म्हटले तर सत्य वाचत होते. पण ते या बाईच्या हाती द्यायचे म्हणजे ते जळते निखारे घेऊन तिला एकटीला तांड्यात परत पाठवायचे, जिथे तिचा नवरा पगडी बांधून गूळ खात होता. न बोलावे, तर ती अशीच बसून राहणार होती. आणि समोर श्रोता होता. तहानलेला, एकाग्र, एका वाक्यासाठी जीव टांगून बसलेला. तीन वर्षांचे शिक्षण त्याच्या जिभेवर आपोआप उभे राहिले. कोणते वाक्य या जखमेवर बसेल ते त्याला दिसले. हात कुठे ठेवायचा, स्वर कुठे उतरवायचा, हेही दिसले.

"याडी म्हनून हाक मारली त्यानं," उत्तमसिंग म्हणाला. "दोनदा. याडी, याडी. मंग शांत झाला. लय तरास नाई झाला त्याले, काकी."

बिजलीबाईचे तोंड सैल झाले. तिचे डोळे भरून आले, ओठ थरथरले, आणि क्षणभर त्याला वाटले की आपल्या सगळ्या उपदेशांत हा एकच कोणाच्यातरी उपयोगी पडला. मग ते ओठ थरथरायचे थांबले. ती त्याच्याकडे पाहू लागली.

"याडी म्हनलं?"

"हाव."

"थो मले भोजाई म्हने," बिजलीबाई म्हणाली. "घरात सारे देवर होते माह्ये. भोजाई पानी दे, भोजाई भाकर दे. थेच आयकून बोलाले शिकला. लोक हासत. मी म्हनलं, म्हनू द्या, मले गोड लागते. वीस वरसात त्यानं याडी म्हनून हाक नाई मारली मले. ताप यायचा, गाडीतून पडला, हात मोडला, तवाबी भोजाईच म्हने."

उत्तमसिंग आठव्या वर्षी तांडा सोडून गेला होता. लखीराम तेव्हा दोन वर्षांचा होता, बोलत नव्हता.

"तू नव्हता तिथं," ती म्हणाली.

तिच्या स्वरात राग नव्हता. पाहणीअंती एखादी गोष्ट जशी सांगावी तशी तिने ती सांगितली. मोठ्या रस्त्यावरून दिग्रसची एसटी येताना ऐकू आली, थांबली, आणि कोणी चढत नाही असे पाहून निघून गेली. बिजलीबाई वळून तांड्याकडे पाहत होती. तिकडून माणसांच्या बोलण्याचा आवाज येत होता. मधूनच कोणी हसत होते.

"नसाब तं उठली," ती म्हणाली. "उठलेली नसाब पुन्यांदा बसत नाई. तुह्या काकानं पगडी बांधली. रामधनले छातीले लावलं सगळ्याइच्या पुढं. आता तिथं त्याचं नाव घेतलं तं मीच दोषी." तिने शेंग जमिनीवर ठेवली. "तू म्हनला होता न, करनाऱ्याले इच्यारू नका म्हनून? आता नाईच इच्यारता येनार कोनाले. तुले इच्यारलं, तं तू मले कथा सांगतली."

"काकी, मले वाटलं..."

"माह्या पोट्ट्याले तू असंच सांगत होता का रे, दर इतवारी?"

ती त्याच्या उत्तरासाठी थांबली नाही. हाताचा आधार घेऊन ती उठली, पांदणीच्या मधोमध उभी राहिली. तांड्याकडे जायला पाऊल उचलले आणि खाली ठेवले. विहिरीच्या वाटेकडे वळली आणि तिथेही थांबली. मग, जणू तिथे तिच्याशिवाय दुसरे कोणीच नाही अशा रीतीने, तिने एकदा सगळीकडे पाहिले.

"सांगा न वं बाई कोनी," ती म्हणाली. "मी कोनाले इच्यारू?"